भट्टीतून चांगलं निघालेलं भांडं नंतर टवके का टाकतं? नाशिकच्या मातीत काम करणाऱ्यांसाठी

भट्टी उघडताना वाटी ठणठणीत असते. बोटाने वाजवली तर खणखणीत आवाज येतो, रंग सारखा, भेग कुठेच नाही. आठ-पंधरा दिवसांनी तिच्याच पोटावर टवका उडालेला दिसतो आणि खळग्याच्या तळाशी पांढरा ठिपका. कुणी आपटलेली नसते, घासलेली नसते. फळीवर ठेवल्या जागीच उडालेला असतो. मग त्याच खेपेतले कप, दह्याची गाडगी, परळ एकेक करून टवके टाकायला लागतात. विकून झालेल्या भांड्यांचे फोटो गिऱ्हाइकांकडून यायला लागतात ते वेगळंच.

नाशिक आणि आसपासची माती वापरून रोजच्या वापराची भांडी करणाऱ्यांना हा त्रास कधी ना कधी होतोच, आणि एकदा सुरू झाला की पाठ सोडत नाही. कारण आपण भट्टीत शोधतो. आच जास्त लागली का, भट्टी लवकर उघडली का, भांडी नीट सुकली नव्हती का. मग हळू तापवतो, हळू निववतो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. दोष भट्टीत नसतोच. तो मातीत, तिच्यातल्या चुन्याच्या दाण्यांत असतो, माती चाकावर चढण्याच्याही आधीपासून. काढायचा तर तिथूनच काढावा लागतो. बाकीचे उपाय आहेत, त्यांच्याबद्दलही खाली लिहिलं आहे, पण ती मलमपट्टी आहे.

आधी खात्री करा: हा चुनाच आहे ना?

टवके तीन-चार कारणांनी उडतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा, म्हणून आधी खळगा नीट बघा.

भांडं भट्टीतच फुटलं असेल, आत खापऱ्यांचा ढीग असेल, तर ती वाफ. भांडं आतून ओलं होतं किंवा जाड होतं. त्याचा या लेखाशी संबंध नाही. भांड्याच्या काठावर किंवा बाहेरून पांढरी भुकटी आली असेल, पुसल्यावर जात असेल आणि खाली खळगा नसेल, तर मातीतले किंवा पाण्यातले क्षार वर आलेत. ग्लेझच, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेपच, काठावरून धारदार कपच्यांसारखं सुटत असेल आणि खालची माती शाबूत असेल, तर ग्लेझ आणि मातीचं एकमेकांशी जुळत नाही.

चुन्याचा टवका ओळखायला सोपा आहे. खळगा उथळ, गोलसर, कडेला निमुळता होत गेलेला असतो, आणि बरोबर मध्यभागी, सर्वांत खोल जागी, पांढरा दाणा. उडालेली खपली सापडली तर तिच्या आतल्या बाजूलाही तोच पांढरा डाग दिसतो. दाण्याला नखाने टोकरलं तर तो दगडासारखा टणक लागत नाही, पिठासारखा सुटतो. ओल्या बोटाने चोळला तर चिकट होतो.

अजूनही शंका असेल तर स्वयंपाकघरातली हळद घ्या. चिमूटभर हळद पाण्यात कालवून त्या पांढऱ्या दाण्यावर लावा. चुना असेल तर हळद तिथल्या तिथे लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात तीच ही क्रिया. मात्र टवका ताजा असताना करा. बरेच दिवस उघड्यावर राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि मग हळदीचा रंग म्हणावा तसा बदलत नाही.

असं होतं तरी का

कच्च्या मातीतला चुन्याचा दाणा म्हणजे चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. कच्च्या भांड्यात तो गपचूप पडून असतो, काही त्रास देत नाही. भट्टीत साधारण ८०० ते ९०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्याच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरते कळी, म्हणजे न विरवलेला चुना. १०० ग्रॅम चुनखडीतून ५६ ग्रॅम कळी उरते, ४४ ग्रॅम वायू होऊन उडून जातो. भट्टी उघडताना हा दाणा आपल्या जागी सैलसर बसलेला असतो, म्हणून भांडं निर्दोष दिसतं.

पुढचं काम हवेतली ओल करते. घराला सफेदी करायला पूर्वी पिंपात कळी विरवायचे ते ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे: पाणी पडलं की कळी फुगते, तापते, खदखदते. भांड्याच्या भिंतीत बसलेला दाणा हेच करतो, फक्त हळूहळू. पाणी शोषून त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. भाजलेली माती ताणली जात नाही. दाणा पृष्ठभागाच्या जवळ असेल तर वरची खपली उडवून देतो. भिंतीच्या मधोमध असेल तर आतल्या आत बारीक भेग पाडतो, आणि मग कप एक दिवस कानापाशी सुटून येतो.

यातून आपल्याकडची एक गोष्ट उलगडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाजलेली भांडी दोन-दोन महिने चांगली राहतात, कारण त्या दिवसांत नाशिकची हवा कोरडी असते. जून उजाडतो, हवा दमट होते, आणि एकदम तक्रारी सुरू होतात. वाटतं पावसाळ्याने भांडी बिघडवली. पावसाने फक्त पाणी पुरवलं. कळी मार्चपासून आत बसलेली होती. तसंच एकाच खेपेतल्या दह्याच्या गाडग्याला दोन दिवसांत टवका उडतो आणि शोभेच्या फुलदाणीला सहा महिने काही होत नाही. गाडग्याला ओल आतूनच मिळते.

दुसरी गोष्ट आव्याची. पिढीजात कुंभारांच्या उघड्या आव्यात आच साधारण ६०० ते ८०० अंशांच्या आसपास असते आणि सगळीकडे सारखी नसते. तेवढ्यात बरीचशी चुनखडी फुटतच नाही, चुनखडीच राहते, आणि चुनखडी पाण्याने फुगत नाही. म्हणून तीच माती आव्यात वर्षानुवर्षं चालते आणि कुणी विजेची किंवा गॅसची भट्टी घेऊन ९५० अंशांवर भाजायला लागला की टवके सुरू होतात. अशा वेळी नव्या भट्टीला दोष दिला जातो. पण रोजच्या वापराच्या कपाला, वाटीला मजबुती हवी तर आच वाढवावीच लागते, मागे जाऊन भागत नाही.

आपल्याच मातीत एवढा चुना कुठून?

नाशिक जिल्हा दख्खनच्या काळ्या खडकावर, बेसाल्टवर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला हा खडक झिजून आपली काळी माती झाली. बेसाल्टमध्ये कॅल्शियम भरपूर. पावसात ते विरघळतं, खाली झिरपतं, आणि पाणी आटलं की मातीच्या थरात पांढऱ्या-करड्या गाठी होऊन बसतं. शेतकरी विहीर खणताना ज्याला चुनखडीचा थर म्हणतात तो हाच. खडकाच्या पोकळ्यांमध्येही कॅल्साइटचे स्फटिक भरलेले असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात गेलात तर आपल्याच भागातल्या खडकाच्या पोटात काय काय दडलंय ते बघायला मिळतं. कुंभाराच्या दृष्टीने ते सुंदर स्फटिक म्हणजे उद्याचे टवके आहेत.

नदीकाठचा आणि तलावातला पोयटा शेतातल्या मातीपेक्षा बारीक असतो, पण तोही याच खडकातून आलेला आहे आणि त्यातही गाठी वाहून येतात. त्यामुळे माती अमुक ठिकाणची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच तलावाच्या एका काठाची माती स्वच्छ आणि दुसऱ्या काठाची दाणेदार, असं होतं. ट्रॅक्टरची ट्रॉली दर वेळी नवीन समजा.

हे वाचून कुणी इथली माती टाकाऊ ठरवू नये. जुन्या नाशकातल्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातली भांडी निघाली. गोदावरीच्या खोऱ्यात तीनएक हजार वर्षांपूर्वीपासून लोक इथल्या मातीची पातळ, रंगवलेली, चाकावरची भांडी करत आले आहेत. गुजरातहून पोत्यात बंद माती मागवणं सोपं आहे हे मान्य, पण इथल्या मातीचा रंग आणि तिची चाकावरची पकड मला सोडवत नाही. ती नीट गाळून घ्यावी लागते, एवढंच.

कच्ची माती तपासायची कशी

माती आली की सगळ्यात आधी किलोभर पूर्ण वाळवा आणि बादलीभर पाण्यात टाका. रात्रभर राहू द्या. सकाळी हाताने ढवळून बारीक चाळणीतून ओता आणि चाळणीवर जे उरेल ते नळाखाली धुऊन ताटलीत वाळवा. हा चोथा नीट निरखून बघा. मुळांचे धागे असतील, काळे टोकदार खडे असतील, हे बेसाल्टचे, ते निरुपद्रवी. काचेसारखे चमकणारे कण असतील. आणि या सगळ्यात काही मळकट, तपकिरी, खडबडीत गाठी असतील, मोहरीपासून हरभऱ्यापर्यंत कुठल्याही आकाराच्या. चुनखडी पांढरी असते अशा समजुतीने आपण पांढरे दाणे शोधतो आणि या गाठी सोडून देतो. त्यांच्यावर मातीचा थर बसलेला असतो. हातोडीने एक फोडा, आत पांढरंफेक निघेल.

फोडलेल्या गाठीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगरचे दोन थेंब टाका. बारीक फेस आला की ती चुनखडी. ही परीक्षा कच्च्या मातीची. भाजल्यानंतरच्या दाण्याला लिंबाने फेस येत नाही, कारण वायू भट्टीतच निघून गेलेला असतो. तिथे हळदच कामाची.

पंचवटीतले एक कुंभारकाका मातीचा लहान गोळा दातांखाली धरून सांगतात, "ही कचकचते बघा, हिला अजून एकदा गाळ." बारीक रेतीसाठी ही परीक्षा चांगली आहे, आणि त्यांच्या जिभेला जे कळतं ते मला चाळणीशिवाय कळत नाही. पण मोठी गाठ त्या घासात आली नाही तर दाताला कळणार कशी? म्हणून बादली आणि चाळण सोडू नका.

गाळणं

इथे वेळ घालवा. टवक्यांचा प्रश्न इथे सुटतो आणि दुसरीकडे कुठेही पूर्ण सुटत नाही.

दाणा किती मोठा असेल तर त्रास देतो? अर्ध्या मिलिमीटरच्या वरचा दाणा दिसेल असा टवका पाडतो. पीठ झालेला चुना मात्र त्रास देत नाही. तो मातीतल्या सिलिकाशी संयोग पावतो, भांड्याचा लाल रंग थोडा फिका करतो, आणि संपतो. म्हणजे मातीतून चुना नाहीसा करायचा नाहीये, दाणे काढायचे आहेत. ६० मेशची, म्हणजे एका इंचात ६० भोकं असलेली, चाळण साधारण पाव मिलिमीटरच्या वरचं सगळं अडवते, ८० मेशची त्याहून बारीक, ०.१८ मिलिमीटरच्या आसपास. रोजच्या भांड्यांसाठी मी ८० ची शिफारस करीन. ३० मेशच्या चाळणीला बरेच जण पुरेशी समजतात. तिच्यातून अर्धा मिलिमीटरचे दाणे आरामात निघून जातात, आणि गाळूनही टवके येतात अशी तक्रार मग ऐकू येते.

माती आधी कडकडीत वाळवा. हे उलटं वाटेल, पण ओलसर ढेकूळ पाण्यात टाकलं तर ते दिवसेंदिवस तसंच राहतं आणि खटखटीत वाळलेलं ढेकूळ पाण्यात पडताच सुर्र आवाज करत विरघळून खाली बसतं. वाळलेली ढेकळं मुठीएवढी फोडा, जास्त बारीक करू नका. धुम्मस घेऊन माती कुटायची सवय असेल तर इथे आवरा. कुटल्याने एका मोठ्या गाठीच्या वीस छोट्या गाठी होतात, त्यांतल्या निम्म्या चाळणीतून पार होतात, आणि एका टवक्याच्या जागी दहा टवके येतात. माती मळायच्या यंत्राचं, पग मिलचंही तेच. ती माती सुरेख मळते, पण दाणा काढत नाही, सगळीकडे सारखा पसरवते.

पिंपात आधी पाणी घ्या, मग माती सोडा. एक-दोन दिवस भिजली की लांब दांड्याने ढवळून ताकाएवढं पातळ करा. घट्ट राड्यातून दाणे खालीही बसत नाहीत आणि चाळणीतूनही काही उतरत नाही. जोरात ढवळा, मिनिट-दोन मिनिटं थांबा, जड खडे तळाला जाऊ द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या पिंपात ओता. तळाचा गाळ ओतायचा मोह आवरा. त्यात चांगली मातीही असते हे खरं, पण त्यातच सगळ्या गाठी बसलेल्या असतात. तळाचा गाळ कुंड्यांखाली, बागेत, कुठेही जाऊ दे, चाकावर नको.

दुसऱ्या पिंपाच्या तोंडावर चाळण ठेवून मग गाळा. पितळी जाळीची चाळण भांडी बाजारात करून मिळते आणि टिकते. ते नको असेल तर स्क्रीन प्रिंटिंगवाले वापरतात ते नायलॉनचं कापड लाकडी चौकटीवर ताणून घ्या, स्वस्तात काम होतं. चाळण तुंबली की मऊ ब्रशने फिरवा. वर उरलेलं बोटांनी दाबून पार करू नका. दाबलं की नेमक्या मऊ गाठी चुरडून खाली जातात. एका कोपऱ्यात जाळी फाटलेली असेल तर सगळी मेहनत वाया, म्हणून प्रत्येक वेळी चाळण उजेडात धरून बघा.

कोरडी माती चाळून घ्यावी असंही काही जण करतात. काम लवकर होतं, पण धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओलं गाळा.

गाळलेली माती बसायला वेळ लागतो, काळी माती तर फारच. वर नितळ पाणी आलं की पाइपने काढा, राहिलेला गाळ सुती पोत्यात भरून टांगा किंवा विटांच्या वाफ्यात कापडावर पसरा. निव्वळ काळी माती वाळताना फार आकसते आणि चिरते, त्यामुळे तिच्यात पोयटा, लाल माती किंवा खापराचा चुरा मिसळावा लागतोच. इथेच चुना दुसऱ्या दाराने आत येतो, त्याबद्दल पुढे.

हे काम उन्हाळ्यातलं आहे. आखाजीच्या घागरी आणि माठांची गडबड ओसरली की मे महिन्यात ऊन कडक असतं, तलावही आटलेले असतात. तेव्हा गाळून, वाळवून, झाकून ठेवलेली माती नवरात्राच्या घटांपर्यंत आणि दिवाळीच्या पणत्यांपर्यंत पुरते. जूनमध्ये गाळायला घेतलेली माती वाळतच नाही, मग घाईत न गाळलेली वापरली जाते, आणि पुढच्या टवक्यांची सोय होते.

माती गाळली तरी टवके येतात?

मग चुना नंतर मिसळतोय. जागा ठरलेल्या आहेत.

पहिला संशय प्लास्टरवर. माती सुकवायला आपण पीओपीच्या लाद्या वापरतो, साचेही पीओपीचे असतात. त्यांच्या कडा झिजून बारीक कपच्या मातीत जातात. प्लास्टरमध्येही कॅल्शियमच आहे, आणि भाजल्यावर तोही असाच फुगून टवका पाडतो. लोखंडी पत्रीने प्लास्टरवरची माती खरवडायची सवय बंद करा, लाकडी किंवा रबरी पत्री वापरा. लादीच्या कडा गोल करून घ्या, वर सुती कापड घाला. साच्याला चिकटलेली माती जपून ठेवलेल्या मातीत परत टाकू नका. बंद पोत्यातली स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायची, माती वापरणाऱ्यांना टवके आले तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच निघेल असं माझं मत आहे.

दुसरी वाळू. नदीच्या वाळूत चुनखडीचे दाणे आणि शिंपल्यांचे तुकडे असतात, आणि शिंपला म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. मातीत घालायची वाळू आधी व्हिनेगरमध्ये टाकून बघा. फेस आला तर ती वाळू बांधकामाला द्या. खापराचा चुरा वापरत असाल तर तो टवके उडालेल्या भांड्यांचा नाही ना, हे बघा.

तिसरं, भिंत. जुन्या घरात काम करणाऱ्यांच्या भिंतींना चुन्याची सफेदी असते, तिचे पापुद्रे पिंपात आणि फळ्यांवर पडत राहतात. पिंपावर झाकण ठेवणं एवढाच उपाय.

भाजणी वाढवून काही होतं का?

थोडं होतं. १००० ते १०५० अंशांवर बारीक चुना मातीतल्या सिलिकाशी आणि ॲल्युमिनाशी एकजीव होतो आणि मोकळी कळी कमी उरते. ९०० ते ९५० हा पट्टा सर्वांत वाईट: चुनखडी पूर्ण फुटलेली असते आणि एकजीव काहीच झालेलं नसतं. नेमकं इथेच बरेच जण टेराकोटा भाजतात. पण मोठ्या दाण्याची फक्त कड एकजीव होते, गाभा कळीच राहतो. शिवाय आपल्या मातीत लोह आणि चुना दोन्ही भरपूर असल्याने ती ११०० च्या पुढे अचानक मऊ पडते, फुगते, भट्टीच्या फळीला चिकटते. स्टोनवेअरच्या १२०० च्या वर तिला नेता येत नाही. म्हणून लहान तुकड्यांवर २०-२० अंशांनी वर जाऊन बघा आणि त्यावरून आपली आच ठरवा.

प्रत्येक नवीन मातीचा एक तुकडा भाजून, भट्टीतून काढल्या काढल्या प्रेशर कुकरमध्ये जाळीवर ठेवा, पाणी तुकड्याला लागू देऊ नका, तासभर वाफ द्या, मग ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस ठेवा. पावसाळ्याने जे दोन महिन्यांत केलं असतं ते वाफ लवकर करते. तुकडा शाबूत राहिला तर माती चाकावर घ्या. यासाठी जुना कुकर वेगळा ठेवा.

खेप भाजून झाली आहे, आता?

ग्लेझ न लावलेली, एकदाच भाजलेली भांडी असतील तर त्यांना पाणी पाजा. भट्टीतून काढल्यावर हाताला सोसवेल इतकी गरम असतानाच पाण्यात पूर्ण बुडवा आणि रात्रभर ठेवा. विटांच्या धंद्यात हे फार जुनं आहे. हवेतल्या ओलीने कळी कोरडी फुगते आणि जोर लावते; भरपूर पाण्यात ती मऊ लोण्यासारखी होऊन मातीच्या छिद्रांत पसरते. बारीक दाण्यांची भांडी याने वाचतात. हरभऱ्याएवढी गाठ असेल तर ती पाण्यातही फोडेलच, पण निदान तुमच्याकडे फोडेल, गिऱ्हाइकाकडे नाही. त्याच दिवशी बुडवा, आठवड्याने नाही. त्या पाण्यात चुना उतरतो, हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका.

ग्लेझ लावायची भांडी पहिल्या भाजणीनंतर अशी बुडवून उपयोग नाही. विरलेला चुना दुसऱ्या भाजणीत पाणी सोडून पुन्हा कळी होतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू. उलट या वेळी तो ग्लेझच्या खाली असतो, आणि टवका उडताना काचेची धारदार कपची घेऊन उडतो. ताटलीत, कपात हे धोक्याचं आहे. पहिल्या भाजणीनंतर टवके दिसले तर त्या खेपेवर ग्लेझ खर्च करू नका.

मिठाचा उपाय कुणीतरी सांगेलच: १०० किलो कोरड्या मातीला अर्धा ते एक किलो मीठ. खोटा नाही, विटांच्या आणि माठांच्या कामात चालतो. पण वाळताना मीठ काठावर येऊन पांढरा थर धरतं, भाजताना आम्लाची वाफ निघते, आणि विजेच्या भट्टीची कॉइल ती खाऊन टाकते. उघड्यावर लाकडाने भाजणाऱ्याने एखाद्या वेळी करून बघावं. विजेच्या भट्टीवाल्याने करू नये. बेरियम कार्बोनेट सांगणारेही भेटतात. ते पांढऱ्या क्षारांसाठी आहे, चुन्याच्या दाण्यांसाठी नाही, आणि ते विष आहे. वाटी-कपाच्या मातीत घालायची गरजच नाही.

खळगा एम-सीलने भरणं, वरून रंग लावणं, पुन्हा त्याच आचेवर भाजणं, यांतलं काहीही जेवणाच्या भांड्यावर करू नका. भरलेल्या खळग्याखालचा चुना आणि शेजारचे न फुटलेले दाणे तसेच राहतात. अशी भांडी झाडांच्या कुंड्या होऊ शकतात, दही लावायची गाडगी नाही.

खेपेतली काही भांडी अजून कच्चीच असतील तर ती भाजू नका. फोडून पिंपात टाका, भिजवा, गाळा. कच्ची माती कितीही वेळा परत मिळते. आणि इथून पुढे प्रत्येक भांड्याच्या बुडाला खेपेची खूण ओरखडत जा, दोन आकडे पुरेत. एका कपाचा फोटो आला की त्या खेपेतले बाकीचे कप कुठे गेलेत ते कळतं, आणि टवका उडायच्या आधीच फोन करून बदलून देता येतात.